‘हलवत नाही’ आणि ‘हलवू शकत नाही’

मागच्या वेळी आपण मज्जारज्जूची मुळं पाहिली. पुढच्या मुळांतून स्नायूंकडे आज्ञा जाते, मागच्या मुळांतून संवेदना आत येते. फ्रान्स्वा माजांदी यांनी १८२२ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. शरीररचना तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त येते. आम्ही तत्त्वज्ञानवाले, पुराव्यावरून निष्कर्ष कसा निघतो आणि कुठे घसरतो, एवढंच आम्ही पाहतो.

१८९५ मध्ये इंग्लंडात मॉट आणि शेरिंग्टन यांनी माकडांच्या एका हाताची फक्त मागची मुळं कापली. स्नायूंकडे जाणारी वाट मोकळी होती. तरी माकडांनी त्या हाताने काही धरणं सोडलं. निष्कर्ष निघाला: संवेदना नाही, तर ऐच्छिक हालचाल नाही. गंमत अशी, की मेंदूच्या पृष्ठभागाला वीज दिली की तोच हात हलत होता!

पुढे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेत एडवर्ड टाउब आणि सहकाऱ्यांनी माकडाचा चांगला हात बांधून ठेवला. आणि ‘गेलेला’ हात कामाला लागला. मग तो आधी का हलत नव्हता? टाउब यांचं म्हणणं असं: शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला हात खरोखरच हलत नाही. माकड प्रयत्न करतं, फसतं, आणि उरलेल्या हातावर भागवायला शिकतं. पुढे ताकद परतते, पण सवय मोडत नाही. याला त्यांनी ‘शिकलेला अवापर’ म्हटलं. या ज्ञानाची किंमत मुक्या प्राण्यांनी मोजली, हेही विसरायचं नाही.

हाच विचार पक्षाघाताच्या रुग्णांपर्यंत आला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २२२ रुग्ण होते. त्यांतल्या एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जाड मोजा चढवला आणि दुबळ्या हाताकडून कसून सराव करून घेतला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात जास्त सुधारला, आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. अर्थात, मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता येणारेच रुग्ण त्यात घेतले होते. हा उपाय सरसकट सगळ्यांना लागू नाही.

उद्या तुमच्यासमोर रुग्ण बसेल. ‘हात हलवत नाही’ हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असेल. ‘हलवू शकत नाही’ हा मात्र तुमचा निष्कर्ष असेल. कागदावर दुसरं वाक्य उतरवण्याआधी, त्या हाताला संधी दिली होती का, एवढं स्वतःला विचारा.