व्हार्नक्लिफ

धार सरळ आणि पाठ टोकाकडे उतरत आलेली, अशा पात्याच्या खिशातल्या चाकूला ‘व्हार्नक्लिफ’ म्हणतात. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीने तो लॉर्ड व्हार्नक्लिफ यांच्या सूचनेवरून घडवला, अशी परंपरागत कथा आहे. मग शब्दाचं मूळ लॉर्डसाहेबांपाशीच संपत नाही का? नाही, त्यांचा किताबच १८२६चा, आणि तो शेफील्डजवळच्या एका कड्याच्या नावावरून घेतलेला. त्या कड्यावर लोहयुगात आणि रोमन काळात दगडी जाती घडत. नावातला ‘व्हार्न’ हा इंग्रजी ‘क्वेर्न’, म्हणजे जातं, आणि ‘क्लिफ’ म्हणजे कडा. म्हणून जात्यांचा कडा. चाकूचा जात्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. आकाराचा काहीच नाही, आणि तो ओढूनताणून जोडूही नये. पण शेफील्डचे कारागीर पात्यांना धार लावत, तीही जात्यासारख्या दगडी, वालुकाश्माच्या चाकांवरच.