पूर, दुष्काळ आणि भाताचे एक जनुक

ओडिशातील ‘एफआर१३ए’ हे भाताचे वाण सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरते. या क्षमतेमागील ‘सब१ए’ जनुकाची ओळख २००६ मध्ये पटली. २००९ मध्ये ‘स्वर्णा-सब१’ हे वाण भारतात प्रसारित झाले. हे जनुक बुडालेल्या रोपाची वाढ थोपवते, त्यामुळे साठवलेली साखर पूर ओसरेपर्यंत पुरते.

परंतु पूर एकटा येत नाही. पाणी ओसरताच रोपावर ऊन आणि प्राणवायू यांचा एकदम मारा होतो. पाने पाणी गमावतात. पुरातून सुटका हाही रोपासाठी एक दुष्काळच असतो. सब१ए तेथेही, तसेच कोरड्या दुष्काळानंतर सावरतानाही साहाय्य करते, असे २०११ मध्ये दिसून आले.

मात्र अर्धवट बुडालेल्या शेतात पाणी महिनाभर साचून राहिले, तर उंच वाढणे भाग असते आणि वाढ रोखणारा तोच गुण अंगाशी येतो.

पुढे कटकच्या राष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेने ‘सीआर धान ८०१’मध्ये सब१सोबत दुष्काळ सोसण्याचे गुणही एकत्र आणले. पाणी किती खोल, किती दिवस आणि त्यानंतर पाऊस येणार का, हे तिन्ही प्रश्न आता वाण निवडताना एकत्रच विचारावे लागतात.