पट्टा व कबुलायत

जमीन कसण्यास देताना तिचे क्षेत्र, खंडाची रक्कम, हप्ते व अन्य अटी नमूद करून जमीनदाराने कुळास दिलेला लेख म्हणजे पट्टा. त्या अटी मान्य असल्याबद्दल कुळाने जमीनदारास उलट लिहून दिलेला लेख म्हणजे कबुलायत. शेरशाहाच्या कारकीर्दीत (१५४०–४५) हे लेख सरकार व रयत यांच्यामध्ये होत असत. ब्रिटिश अमलात जमीनदार हा जमिनीचा मालक ठरल्यानंतर पट्टा देण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि ती न पाळणे हा दाव्याचा विषय झाला.

बंगालमध्ये १७९३ साली कॉर्नवॉलिसने कायमधाऱ्याची पद्धत अंमलात आणली. तीनुसार जमीनदाराने सरकारला द्यावयाचा सारा कायमचा ठरला. रयतेने जमीनदारास काय द्यावे, हे मात्र ठरले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याच वर्षीच्या आठव्या विनियमाने जमीनदारांवर दोन बंधने घातली. मूळ धारा (असल) व त्यावर वेळोवेळी बसविलेले जादा कर (अबवाब) यांची एकच निश्चित रक्कम करून ती पट्ट्यात नमूद करावी, हे पहिले बंधन. मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी, हे दुसरे. पावती नाकारल्यास भरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई दिवाणी अदालतीतून मिळविण्याचा हक्क रयतेस देण्यात आला. पट्ट्याची मुदत दहा वर्षांहून अधिक नसावी, असेही चव्वेचाळिसाव्या विनियमाने ठरविले.

ही योजना बव्हंशी कागदावरच राहिली. एकदा आकडा लिहून दिला की नवा अबवाब बसविण्याचा मार्ग बंद होतो, म्हणून जमीनदार पट्टा देण्यास नाखूष असत. विशेष म्हणजे रयतही तो घेण्यास पुढे येत नसे. पिढ्यान्‌पिढ्या गावात राहून जमीन कसणाऱ्या खुदकाश्त रयतेचा हक्क रूढीवर आधारलेला होता. मुदतीचा पट्टा स्वीकारणे म्हणजे मुदतीअखेर जमीन सोडावी लागेल हे मान्य करणे, अशी तिला भीती वाटे. त्यातच १७९९ च्या सातव्या विनियमाने थकबाकीसाठी रयतेचा माल जप्त करण्याचे विस्तृत अधिकार जमीनदारांना मिळाले. १८१२ च्या पाचव्या विनियमाने पट्ट्याच्या मुदतीवरील व नमुन्यावरील निर्बंध काढून टाकले. निरक्षर रयतेला कागद न्यायालयात नेण्याचा खर्चही परवडणारा नव्हता.

१८५९ च्या दहाव्या अधिनियमाने या विषयाला नवे वळण दिले. पट्टा मिळणे हा प्रत्येक रयतेचा हक्क ठरला आणि त्यात जमिनीचे क्षेत्र, वार्षिक खंड, हप्ते, खंड धान्यरूपाने असल्यास त्याचे प्रमाण व विशेष अटी यांचा उल्लेख आवश्यक झाला. पट्टा देणाऱ्या जमीनदारास कबुलायत मागण्याचा हक्क होता. बारा वर्षे जमीन कसणाऱ्या रयतेस भोगवट्याचा हक्क मिळू लागला. तसेच वीस वर्षे खंड बदलला नसल्याचे सिद्ध झाल्यास तो कायमधाऱ्याच्या काळापासून तसाच आहे, असे गृहीत धरले जाई. ही वीस वर्षे सिद्ध करण्याचे प्रमुख साधन म्हणजे जुन्या पावत्या. त्यामुळे साध्या पावतीला हक्कलेखाचे मोल आले आणि ती न देण्यात जमीनदाराचा थेट लाभ निर्माण झाला.

हा अनुभव लक्षात घेऊन १८८५ च्या बंगाल कूळ अधिनियमाने पावतीचा नमुनाच परिशिष्टात दिला. जमीनदाराने पावतीचे स्थळपत्र जपून ठेवावे, वर्षअखेर कुळास पूर्ण फेडीची पावती किंवा हिशेबाचे विवरण द्यावे, असे त्यात ठरविले होते. आवश्यक तपशील पावतीत नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, त्या तारखेपर्यंतचा सर्व खंड फिटला असे न्यायालय मानीत असे. जमीनदाराच्या हलगर्जीपणाचा तोटा कुळाऐवजी त्याच्यावरच पडावा, हे या तरतुदीचे तत्त्व होय. मद्रास इलाख्यात १८६५ च्या आठव्या अधिनियमाने हेच निराळ्या रीतीने साधले : पट्टा व मुचलका यांची देवघेव झाल्याखेरीज, किंवा निदान पट्टा देऊ केल्याखेरीज, जमीनदारास खंडवसुलीची कारवाई करता येत नसे.

मुंबई इलाख्याच्या मोठ्या भागात रयतवारी पद्धत होती. तथापि रयतवारी खातेदारांच्या जमिनीही कुळे कसत असत. १९४८ च्या कुळकायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ रोजी (कृषक दिन) जमीन कसणारी कुळे कायद्याने तिचे खरेदीदार मानली गेली. तेव्हा खंडाची पावती किंवा सातबाराच्या उताऱ्यातील कूळ म्हणून नोंद हाती असणे निर्णायक ठरले. ज्यांचे कूळपण केवळ तोंडी होते, त्यांना ते सिद्ध करणे दुष्कर झाले.

शहरी घरभाड्याच्या क्षेत्रातही हेच तत्त्व आढळते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याची लेखी पावती देणे घरमालकास बंधनकारक केले व ती न देणे दंडनीय ठरविले. चाळीतील खोलीचा हक्क पुढील पिढीकडे जाताना पावती कोणाच्या नावे आहे, या प्रश्नाला त्यामुळे महत्त्व आले. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने पावतीचे बंधन कायम ठेवले. शिवाय कलम ५५ अन्वये भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. असा करार नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य मानले जाते. लेखाच्या अभावाचा भार लेख देण्यास बांधलेल्या पक्षावर टाकण्याचे १८८५ चे तत्त्वच येथे अधिक व्यापक स्वरूपात दिसते.