डॉल्फिन-बचाव प्रशिक्षण, पूर्व पॅसिफिकमधील

पूर्व पॅसिफिक महासागराच्या उष्ण कटिबंधीय भागात पिवळ्या पराच्या ट्यूना (कुपा) माशांचे मोठे थवे ठिपकेदार व स्पिनर या डॉल्फिनांच्या कळपांखाली पोहताना आढळतात. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे पर्सीन जाळी रूढ झाली. मच्छीमार वेगवान होड्यांतून डॉल्फिनांचा पाठलाग करून कळपाभोवतीच जाळे टाकू लागले. जाळ्याचा तळ आवळला म्हणजे डॉल्फिनही आत कोंडले जात व श्वासासाठी पृष्ठभागावर येता न आल्याने गुदमरून मरत. अशा रीतीने पुढील काही दशकांत दशलक्षावधी डॉल्फिन बळी पडले, असा अंदाज आहे.

यावरील पहिले उपाय मच्छीमारांनीच शोधले. जाळे अर्धेअधिक ओढून झाल्यावर जहाज मागे घेतले, की जाळे लांबट होते, त्याची दूरची कड पाण्याखाली जाते व तिच्यावरून डॉल्फिन निसटतात. याच टोकाला लहान आसाच्या जाळ्याची पट्टी जोडण्याची कल्पना १९७१ च्या सुमारास हॅरल्ड मेदिना या अमेरिकन कप्तानाने पुढे आणली. या पट्टीत डॉल्फिनांची चोच वा पर अडकत नाहीत. १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने अमेरिकेच्या जहाजांवर निर्बंध आले. तथापि नंतर इतर देशांची जहाजे वाढली आणि १९८६ मध्ये सु. १·३ लाख डॉल्फिन मेले.

केवळ साधने पुरेशी नव्हती. ती वापरणारे हात तयार करणे आवश्यक होते. इंटर-अमेरिकन ट्रॉपिकल ट्यूना कमिशनने १९७९ पासून जहाजांवर निरीक्षक पाठविले. जोरदार प्रवाह, अंधारातील मासेमारी, यंत्रातील बिघाड व जाळ्याला पडणाऱ्या घड्या ही मृत्यूंची प्रमुख कारणे त्यांच्या नोंदींतून स्पष्ट झाली. त्यांच्या आधारे कप्तानांचे प्रशिक्षणवर्ग घेण्यात आले आणि जाळ्यातील पट्टी योग्य जागी बसते की नाही, हे चाचणीने तपासण्यात येऊ लागले. जाळ्यात उरलेले डॉल्फिन तराफ्यावरून हातांनी सोडविण्याचे काम खलाशांकडे आले. १९९२ च्या ला होया करारान्वये प्रत्येक जहाजाला मृत्यूंची स्वतंत्र मर्यादा ठरवून देण्यात आली. ती गाठल्यास त्या वर्षापुरते डॉल्फिनांभोवती जाळे टाकणे बंद करावे लागे. १९९३ मध्ये मृत्यू सु. ३,६०० वर आले. १९९९ मध्ये अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक मोठ्या जहाजावर निरीक्षक असतो व प्रशिक्षित कप्तानांनाच पात्र मानले जाते.

एवढे होऊनही डॉल्फिनांची संख्या अपेक्षेप्रमाणे वाढल्याचे दिसलेले नाही. वारंवार होणाऱ्या पाठलागाचा ताण व पिलांची मातांपासून होणारी ताटातूट ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. असे मृत्यू निरीक्षकाच्या नोंदीत येत नाहीत. प्रशिक्षणाने जाळ्यातील मृत्यू टाळता आले. मात्र मुळात पाठलागच करावा की नाही, हा वाद मिटलेला नाही.