‘सहज बोला’ या उपदेशाचा समाचार

दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या भिवंडीच्या पट्ट्यातला विद्यार्थी पहिल्या मुलाखतीला निघाला की एक सल्ला त्याला हमखास मिळतो. प्राध्यापक देतात, कंपन्यांचे मनुष्यबळ अधिकारी देतात, नोकरीला लागलेले चुलतभाऊही देतात: ‘उत्तरं तयार करून जाऊ नकोस. त्या वेळी जे सुचेल ते सहज बोल.’ सल्ला देणाऱ्यांच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. शंका आहे ती सल्ल्याविषयी. तो चुकीचा आहे, आणि ज्याला तयारीची सर्वांत जास्त गरज आहे त्याच मुलाचे तो नुकसान करतो.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी. पाठ केलेले उत्तर लगेच ओळखू येते. ‘माझी कमकुवत बाजू म्हणजे मी कामात फारच काटेकोर आहे’ हे वाक्य एका दिवसात दहा उमेदवारांच्या तोंडून ऐकणाऱ्याला अकराव्याचे नावही लक्षात राहत नाही. दुसरे म्हणजे, मुलाखत माणूस ओळखण्यासाठी असते आणि तयारी माणसाला झाकते. तिसरे, ही तयारी क्लासमध्ये विकत मिळते, म्हणजे पैसेवाल्याचे पारडे जड होते. आणि या पट्ट्यात आणखी एक आक्षेप ऐकू येतो: गोदामातल्या नोकरीला मुलाखत कसली? ठेकेदाराची ओळख असली की झाले.

शेवटचा आक्षेप जुन्या माहितीवर उभा आहे, म्हणून तो आधी निकालात काढू. मुंबईच्या हद्दीबाहेर उतरवलेल्या मालावर तो शहरात जाईपर्यंत जकात लागत नसे. मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपासच्या भातखाचरांवर गोदामे चढली त्याचे हे मोठे कारण. त्या काळी काम होते चढ-उताराचे, आणि हमालीला ओळख पुरत असे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत. राज्याराज्यांत करासाठी ठेवलेली लहान गोदामे मोडून कंपन्यांनी मोठी गोदामे मांडली; स्कॅनर आले, संगणकावरचा साठा आला, २०१८ पासून ई-वे बिल आले. आज दापोड्याच्या एखाद्या गाळ्यात इन्व्हेंटरी किंवा डिस्पॅचच्या जागेसाठी बी.कॉम. झालेला मुलगा जातो तेव्हा त्याच्यासमोर ठेकेदार बसलेला नसतो, कंपनीचा व्यवस्थापक बसलेला असतो. तो विचारतो, ‘स्वतःबद्दल सांगा. इथेच का यायचंय? अडचणीचा एखादा प्रसंग सांगा.’ इथे ओळख दारापर्यंत नेते. पुढे बोलावे लागते.

आता मुख्य मुद्दा: तयारीने माणूस झाकला जातो का?

समजा, एका मुलाने दिवाळीच्या सीझनला रात्रपाळीत काम केले आहे. एके रात्री प्रत्यक्ष मोजलेला माल आणि संगणकातला माल जुळेना. याने शोधून काढले की बारा नगांचा खोका स्कॅन करताना एक नग म्हणून चढला होता. सुपरवायझरला दाखवले, नोंद दुरुस्त झाली, गाडी वेळेत सुटली. या मुलाला अडचणीचा प्रसंग विचारा. तयारी नसेल तर तो म्हणेल, ‘सर, सीझनला काम केलं, सगळं शिकलो.’ उत्तर खरे आहे, सहज आहे आणि संपूर्ण निरुपयोगी आहे. तोच मुलगा आदल्या रात्री वहीत चार ओळी लिहून बसला असेल, तर खोक्याची गोष्ट सांगेल. वाचकांनीच सांगावे, या दोहोंपैकी कोणत्या उत्तरात तो मुलगा अधिक दिसला? घडलेली गोष्ट छातीत धडधड असताना नेमकी आठवणे ही स्मरणाची परीक्षा आहे. तिला प्रामाणिकपणाची परीक्षा कोणी ठरवले?

हा केवळ तर्क नाही. मॉरर, सोलॅमन आणि लिपस्ट्रू या अमेरिकी अभ्यासकांनी २००८ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला: उमेदवारांना आधी शिकवले तर ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीचा निष्कर्ष बिघडतो का? बिघडला नाही. शिकवलेल्या गटात तो प्रत्यक्ष कामगिरीशी अधिक जुळला. आणि ‘सहज गप्पा’ मारून माणूस ओळखणाऱ्यांचे काय? सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या संशोधनाची फेरमोजणी केली. सर्वांना तेच प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीचा कामाशी असलेला सहसंबंध ०.४२ भरला, मोकळ्या गप्पांचा ०.१९. ज्या सहजतेवर पूर्वपक्षाची एवढी श्रद्धा आहे, तिची किंमत निम्म्याहूनही कमी निघाली.

पाठ केलेल्या वाक्यांबद्दलचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. फक्त तो तयारीवरचा आक्षेप नाही. काटेकोरपणाचे ते वाक्य उमेदवाराने तयार केलेलेच नसते, ते उचललेले असते. कीर्तनकार पूर्वरंगाचा अभंग, उत्तररंगाचे आख्यान, दृष्टांत, सगळे बांधून उभा राहतो, आणि तरी समोरचा समाज पाहून प्रत्येक गावात वेगळा बोलतो. त्याला कोणी ढोंगी म्हणत नाही. दुसऱ्याचे कीर्तन जसेच्या तसे म्हणणाऱ्याला मात्र लोक हसतात, आणि ते योग्यच आहे. मुलानेही प्रसंग, आकडे आणि क्रम पक्के करावेत. वाक्ये तिथे गेल्यावर होतील.

राहिला पैशाचा मुद्दा. हा पूर्वपक्षाचा सर्वांत उदात्त युक्तिवाद, आणि तोच त्याच्यावर उलटतो. ज्या घरात जेवताना अप्रेझल, टार्गेट, प्रोजेक्ट हे शब्द रोज कानावर पडतात, त्या घरातला मुलगा वीस वर्षे मुलाखतीची तयारीच करत असतो. त्याला आपण ‘सहज’ म्हणतो. दापोड्यातला मुलगा घरी आगरी बोलतो, कॉलेजात मराठी, गोदामात हिंदी, आणि मुलाखतीत त्याला अर्ध्या इंग्रजीत विचारतात. त्याला ‘सहज बोल’ सांगणे म्हणजे पहिल्याची वीस वर्षे तशीच ठेवून याची एक रात्र काढून घेणे. याला समता म्हणायचे? तयारीला क्लास लागत नाही. शंभर पानी वही आणि प्रश्न विचारणारा मित्र एवढ्यावर ती होते.

कोणी म्हणेल, केंद्र सरकारने २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखतीच रद्द केल्या, म्हणजे मुलाखतच संशयास्पद. असेल. तो मुलाखतीवरचा आक्षेप झाला, आणि तो खासगी गोदामाच्या व्यवस्थापकाकडे न्यावा. त्याची शिक्षा उमेदवाराला कशासाठी? शिवाय याच सरकारच्या नागरी सेवा परीक्षेत आजही २०२५ पैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे आहेत. त्यासाठी पुण्या-दिल्लीत अभिरूप मुलाखतींची रांग लागते. निवृत्त अधिकारी त्यात कौतुकाने बसतात. उद्याच्या जिल्हाधिकाऱ्याने उत्तरे घोटली तर ती साधना, आणि भिवंडीच्या मुलाने डिस्पॅचच्या नोकरीसाठी घोटली तर तो बनाव?

पूर्वपक्षातल्या मान्यवरांना माझी एकच विनंती आहे. स्वतःच्या मुलाच्या किंवा भाचीच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री आपण त्यांना काय सांगितले होते, ते त्यांनी जाहीर करावे. मग वाचकांनी निवाडा द्यावा.