एकटीची रानवाट

मंडळाच्या सहली दरवर्षी माहूरला जातात. रेणुकामातेचे दर्शन झाले की दत्तशिखर, अनसूयेचे शिखर पाहून आपण परत येतो. चहूकडचे सागाचे रान गाडीच्या खिडकीतूनच दिसते. हल्लीच्या मुली मात्र पाठीवर पिशवी टाकून एकट्याच डोंगर चढायला निघतात आणि घरोघरी वाद होतात. जाऊ द्यावे की नाही? या प्रश्नाला आपल्याच मुलखाचा इतिहास काय उत्तर देतो, ते थोडक्यात मांडते.

महानुभाव पंथात एक कथा आहे. फलटणचे चांगदेव राऊळ घरदार सोडून माहूरला आले. तेथे मेरुवाळा तळ्यापाशी श्रीदत्तात्रेयांनी वाघाच्या रूपाने येऊन त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवला. ज्याला पाहून पळायचे, त्याच्याच पंजाने कृपा झाली! रानातले भय आणि रानातला लाभ एकाच ठिकाणी असतात, हे त्या कथेत आले आहे. मात्र पुरुषाने एकट्याने घर सोडले तर त्याला साधू म्हणतात. बाईने सोडले तर काय म्हणतात, ते भगिनींना सांगायला नको.

दुसरी गोष्ट माहूरच्याच बाईची. तेथील देशमुख घराण्यातील सावित्रीबाई मोगलांच्या बाजूने लढत. औरंगजेबाने त्यांना 'रायबागन' म्हणजे राजवाघीण असा किताब दिला. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात धाडले, तेव्हा त्या त्याच्या फौजेत होत्या. उंबरखिंडीच्या दाट झाडीत शिवाजी महाराजांनी ही फौज कोंडली. पुढची व मागची वाट बंद, पाणी नाही, हवा नाही. अशा रानात फौज घालणे हीच चूक झाली, आता शरण जा, असे रायबागनने खानाला सुनावले. खानाने ऐकले, खंडणी भरली आणि जीव वाचले. 'शिवभारत' ग्रंथात हा प्रसंग आहे. सोबतीला हजारो माणसे होती, तरी रान अनोळखी म्हणून सारे अडकले. तेव्हा नुसती सोबत म्हणजे सुरक्षितता नव्हे.

तिसरे उदाहरण आपल्या काळाजवळचे. दुर्गाबाई भागवत (१९१०–२००२) तरुणपणी अभ्यासासाठी मध्य प्रदेशातील आदिवासी भागात हिंडल्या. तेथे विषबाधा होऊन त्या सुमारे सहा वर्षे अंथरुणावर पडल्या. डॉक्टरेट राहूनच गेली. केवढे हे मोल! पण झाडे, फुले, ऋतू पाहण्याची जी दृष्टी त्यांच्याजवळ होती, तिच्यातून 'ऋतुचक्र' हे पुस्तक १९५६ साली आले. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या आणि आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलल्या. तो निर्भयपणा रानानेच दिला असे मी म्हणणार नाही, पण घराबाहेर पाऊल टाकण्याचे धैर्य त्यांच्यात आधीपासून होते, एवढे खरे.

आता तोलून पाहू. एकटीचा पाय मुरगळला, साप चावला, तर हाक ऐकणारे कोणी नसते. हा धोका लहान नाही. जनावरापेक्षा माणसाचे भय तर बाईला जास्तच. उलट, एकटी असली की वाट स्वतः शोधावी लागते आणि आपल्यात किती बळ आहे ते कळते. घरात सतत कोणाच्या तरी मागेपुढे वावरणाऱ्या बाईला हे कळण्याची दुसरी संधी क्वचितच मिळते.

म्हणून मला वाटते, मुलीला दारातच अडवू नये, पण तयारीशिवाय सोडूही नये. आधी चारचौघींबरोबर जाऊन तिने वाट पाहून घ्यावी. तेथील गोंड, कोलाम बायांना पाणी कोठे आणि जनावराची जागा कोणती ते विचारावे, कारण त्या रानाची खरी माहिती त्यांनाच असते. अनोळखी कंद, फळ तोंडात घालू नये. कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, ते घरी सांगून ठेवावे आणि दिवस मावळण्यापूर्वी खाली उतरावे. एवढे करून ती निघाली, तर आपण दशमी बांधून द्यावी.