कचऱ्याच्या गाडीमागून आलेली हार्बर लाइन

कानात इयरफोन घालून तुम्ही आत्ता हार्बरच्या लोकलमध्ये असाल, आणि गाडी कुर्ला सोडून चेंबूरकडे निघाली असेल, तर आजचा भाग तुमच्या पायाखालच्या रुळांबद्दल आहे. कुर्ला ते चेंबूर ही लाइन माणसांसाठी टाकलेलीच नव्हती. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ती टाकली गेली मुंबईचा कचरा शहराबाहेर न्यायला. माणसांना तिच्यावरून प्रवास करता आला तो 1924 पासून. म्हणजे या लाइनवरचा पहिला पासधारक कचरा.

आता हे झालं कसं, त्यासाठी थोडं मागे जाऊया.

त्याआधी मुंबईचा कचरा जायचा कुठे? तर शहराच्याच पोटात. वरळीची खाडी हॉर्नबी वेलार्ड बांधून अठराव्या शतकात अडवली, पण आतली सगळी जमीन सखल राहिली. महालक्ष्मी, ताडदेव, भायखळ्याचा मागचा भाग, सगळीकडे पावसाळ्यात पाणी आणि एरवी चिखल. इंग्रज या भागाला ‘फ्लॅट्स’ म्हणायचे. शहरातून झाडून आणलेला केर बैलगाड्यांनी इथे आणून टाकायचा आणि भराव करायचा, असं कित्येक वर्षं चाललं. आज जिथे एका फ्लॅटची किंमत ऐकून आपण फोन बाजूला ठेवतो, त्यातली बरीच जमीन अशी केरानं भरलेली आहे. वास यायचा, लोक तक्रारी करायचे, पण कामही होत होतं: कचरा संपतोय आणि वर जमीन मिळतेय. पालिकेला आणखी काय हवं?

मग आला सप्टेंबर 1896. मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला तपासलं आणि सांगितलं की हा प्लेग आहे. (धोबी तलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. आपण त्याच्यासमोर उभं राहून सिग्नल सुटायची वाट बघतो.) प्लेगचा जंतू दोनच वर्षं आधी हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण उंदरावरच्या पिसवांमुळे तो पसरतो हे अजून कळायचं होतं. त्यामुळे दोष गेला घाणीकडे, दुर्गंधीकडे, दमट चाळींकडे. गटारं धुतली, घरांना चुना फासला, सामान जाळलं. लाखो लोक मिळेल त्या गाडीनं, बोटीनं आणि पायी मुंबई सोडून गेले.

या सगळ्यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि शाळेच्या पुस्तकात ती मला कधी दिसली नाही. ऑक्टोबर 1896 मध्ये पालिका आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला की प्लेगच्या रुग्णाला सक्तीनं हॉस्पिटलमध्ये हलवता येईल. लोक भयंकर चिडले आणि घाबरले. हुकूम थोड्याच दिवसांत सैल करावा लागला. कारणं अनेक होती, पण स्नो यांनी आपल्या अहवालात एक भीती अगदी स्पष्ट लिहून ठेवली आहे: हलालखोर आणि बिगारी पळाले तर काय? हलालखोर म्हणजे मैला उचलणारे, बिगारी म्हणजे रस्ते झाडणारे आणि गटारं उपसणारे. ते गेले असते तर मुंबई राहण्यालायक उरली नसती, असं खुद्द आयुक्तांचं मत. व्यापारी गेले, शेठ गेले, तरी शहर कसंबसं चाललं. झाडूवाले गेले असते तर चाललं नसतं.

मग या माणसांना पगार वाढवून, मान देऊन ठेवलं असेल ना? छे. पालिकेच्या कायद्यातच अशी तरतूद होती की सफाई कामगारानं नोटीस न देता काम सोडलं तर तो गुन्हा, त्याला कैद होऊ शकते. मी नोटीस पीरियड पूर्ण केला नाही तर फार तर रिलीव्हिंग लेटर अडकतं. इथे माणूसच आत जायचा. हे काम करणारे जवळपास सगळे त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींतले, हे वेगळं सांगायला नको. पुढे 1930 च्या दशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. तो एक वेगळा भाग होईल, आज नुसता उल्लेख.

तर प्लेगनं एक गोष्ट पक्की केली. कचरा शहरात नको. पालिकेनं एकोणिसावं शतक संपता संपता देवनार गावाजवळ खाडीकाठची 800 एकरांहून जास्त दलदल विकत घेतली. गावातून केर गोळा करायचा, महालक्ष्मीला वाघिणींत भरायचा आणि रेल्वेनं तिकडे नेऊन ओतायचा. आज जे देवनार डम्पिंग ग्राउंड आपण म्हणतो, त्याचं वर्ष साधारणपणे 1927 धरतात. देशातल्या सगळ्यात जुन्या कचराभूमींमध्ये त्याची गणना होते. पुढे रेल्वेची जागा ट्रकांनी घेतली, पण पत्ता तोच.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर पालिकेनं डिलीटचं बटण दाबलंच नव्हतं. फाइल फक्त दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली होती. आणि एकदा त्या फोल्डरची सवय लागली की नको असलेलं सगळं तिकडेच जातं. बघा ना. 1971 मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना हलवला, कुठे? देवनारला. दवाखान्यांचा कचरा जाळायची भट्टी लावली, कुठे? गोवंडीत. आणि शेवटी माणसं. 1970 च्या दशकात शहरातल्या झोपड्या उठवल्या की त्यातल्या कित्येकांना शिवाजीनगर, बैंगणवाडी इथे डम्पिंगच्या कुशीत जागा आखून दिली. मे 1976 मध्ये, म्हणजे आणीबाणीत, ट्रॉम्बेची अख्खी जनता कॉलनी अणुसंशोधन केंद्राशेजारून उठवून चिता कॅम्पला नेली. ती काही शे घरांची वस्ती नव्हती, तिथे हजारो कुटुंबं होती. कचऱ्यासाठी घेतलेल्या दलदलीच्या आसपास शहराला नको असलेली माणसं आली, आणि त्यातल्या अनेकांनी पोट भरलं ते शहराला नको असलेल्या वस्तू वेचून: प्लास्टिक, पत्रा, काच, तांब्याची तार.

2009 मध्ये मुंबईचा मानवी विकास अहवाल निघाला तेव्हा सगळ्या वॉर्डांत तळाला होता एम-पूर्व. देवनार, गोवंडी, मानखुर्द याच वॉर्डात येतात. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य याचं वाटतं की हे कळायला अहवाल लागला.

जानेवारी 2016 ची आग तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. कचरा कुजताना मिथेन तयार होतो, तो आतल्या आत साठतो, त्यामुळे डोंगर वरून विझवला तरी खालून धुमसत राहतो. त्या वेळी धूर इतका पसरला की नासाच्या उपग्रहाच्या फोटोत दिसला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मजा म्हणजे, खरं तर मजा नाहीच, गोवंडीच्या लोकांनी तो धूर वर्षानुवर्षं खाल्ला होता. तो पार दूरच्या वस्त्यांवर पोचला तेव्हा बातमी झाली. त्यानंतर भिंती उंचावल्या, पहारे वाढले, भंगारवाल्यांना अटक झाली आणि कचरा वेचणाऱ्यांचं आत जाणं जवळपास बंद झालं. म्हणजे धूरही त्यांनीच खाल्ला आणि धंदाही त्यांचाच गेला.

फेब्रुवारी 2016 च्या शेवटी मुंबई उच्च न्यायालयानं असा आदेश दिला की कचरा टाकायला नीट जागा नसेल तर नव्या इमारतींना परवानगी देऊ नका. काही अपवाद होते, पण मुद्दा साधा होता: आधी कचऱ्याची सोय, मग टॉवर. दोन वर्षांनी, मार्च 2018 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी उठवली, आधी सहा महिन्यांसाठी आणि अटींवर. बांधकामं परत सुरू झाली. माझ्या मते शंभर-सव्वाशे वर्षांत या शहराला कुणी विचारलेला हा सगळ्यात योग्य प्रश्न होता, आणि आपण तो दोन वर्षांत बाजूला सारला.

आता आजचं. 2024 मध्ये राज्य सरकारनं देवनारची सुमारे 124 एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी द्यायचं ठरवलं. धारावीतच घर मिळण्यासाठी जे पात्र ठरणार नाहीत, त्यांच्यासाठी इथे घरं. त्यासाठी आधी डोंगर उपसायचा आहे. जुना कचरा आहे सुमारे 185 लाख टन, आणि 2025 मध्ये पालिकेनं त्याचं टेंडर काढलं. त्या कचऱ्यातलं प्लास्टिक, माती, दगड वेगळं केलं तरी ते सगळं कुठेतरी न्यावं लागणार. धारावी स्वतः भरलेल्या दलदलीवर वसलेली, शहराचं भंगार मोडून पोट भरणारी वस्ती. तिच्यातून उठवलेली माणसं आता देवनारला.

आणि तुमच्या-माझ्या घरचा आजचा कचरा? तो बहुतांशी कांजूरमार्गला जातो. खाडीकाठ, खारफुटी, शेजारी वस्ती. रात्री खिडकी उघडली की वास येतो, अशी विक्रोळी-कांजूरच्या लोकांची तक्रार आहे आणि कोर्टात खटले चालू आहेत. तिकडून कुणी ऐकत असाल तर एक व्हॉइस नोट पाठवा. वास कधीपासून येतोय, वॉर्ड ऑफिसमध्ये काय उत्तर मिळालं, तक्रार कुणी लिहून घेतली का, एवढं सांगा. पुढचा भाग त्यावरच करायचाय.